फलंदाज म्हणजे बॅट फेकणारा

एका ताईंनी विचारलंय: "एमसीसीने, म्हणजे क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या लॉर्ड्सच्या क्लबने, २०२१ च्या सप्टेंबरात क्रिकेटच्या नियमांतला 'बॅट्समन' काढून 'बॅटर' आणला. मग मराठीत बायकांसाठी काय म्हणायचं? 'महिला फलंदाज' बरोबर, की वेगळा शब्द हवा? 'सामनावीर'चं काय करायचं? आणि फलंदाज हा शब्द मुळात आला कुठून?"

पहिल्याचं उत्तर अर्ध्या ओळीचं. काही बदलायचं नाही. तो फलंदाज, ती फलंदाज. लॉर्ड्सवाल्यांना ज्यासाठी २०२१ साल उजाडावं लागलं, ते आपल्याकडे कुणी बैठक न भरवता आधीपासून होतं.

तरी आपल्याकडे काय चालतं बघा. २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुली विश्वचषकाची अंतिम लढत खेळत होत्या. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या संपल्या म्हणून सतरंज्या घातल्या होत्या. दोन डावांच्या मधल्या वेळात कुणीतरी मराठी बातम्या लावल्या, आणि खालच्या पट्टीवर सरकत आलं: 'महिला बॅट्समन शफालीच्या ८७ धावा'. महिला बॅट्समन! माझ्या हातातला चिवडा हातातच राहिला. शेजारचे काका म्हणाले, "अहो, पट्टी कसली वाचताय, मुलींनी २९८ केलेत." केले ना, मी कुठे नाही म्हणतो? पण म्हणून पट्टी दिसायची थांबते का?

'महिला फलंदाज'सुद्धा मला खटकतं. 'पुरुष फलंदाज विराट कोहली' असं कुणी लिहितं? 'महिला संघ' म्हणा, तिथे कुठला संघ ते सांगायचं असतं. एकदा संघ कळला की स्मृती मानधना नुसती फलंदाज. सांगलीत वाढलेल्या मुलीसाठी सांगलीची भाषा पुरते.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी विचारत नाही. 'ती फलंदाज बाद झाली' इथवर ठीक. पण 'ने' लावलात की? 'या फलंदाजाने' म्हटलं की पुल्लिंगाचा वास येतो, आणि 'या फलंदाजेने' असं कुणी तोंडातून काढून दाखवावं. मी 'फलंदाजाने'च लिहितो आणि पुढच्या वाक्यात 'तिने' आणतो. डॉक्टर, वकील, न्यायाधीश या सगळ्यांचं आपण हेच करतो. आदरार्थी बहुवचन असेल तर तोही प्रश्न उरत नाही. पुढे चला.

आता खरी गंमत. गोलंदाज हा शब्द क्रिकेटसाठी घडवलेलाच नाही. मराठ्यांच्या फौजेत गोलंदाज होता आणि तो तोफेमागे उभा असायचा. १७६१ साली पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यात गोलंदाज होते. तेव्हा इंग्लंडातल्या क्रिकेटमध्ये दोनच यष्ट्या होत्या. मधली तिसरी यष्टी आली ती १७७५ मध्ये लम्पी स्टीव्हन्सचा चेंडू जॉन स्मॉलच्या दोन यष्ट्यांमधून तीनदा आरपार गेला त्यानंतर. म्हणजे त्रिफळा उडवण्याच्या कितीतरी आधीपासून आपला गोलंदाज नोकरीला होता.

यातला 'अंदाज' म्हणजे आपला 'अंदाजे किती माणसं येतील' मधला अंदाज नव्हे. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणं, टाकणं. त्याचं समासात 'अंदाज' होतं, म्हणजे फेकणारा. तीर फेकतो तो तिरंदाज. बर्क म्हणजे वीज, वीज फेकतो तो बरकंदाज, म्हणजे बंदूकवाला शिपाई. गोळा फेकतो तो गोलंदाज. उर्दूतली दस्तंदाज़ी म्हणजे मधे हात टाकणं, ढवळाढवळ. आणि पायंदाज म्हणजे पायाखाली टाकलेलं बिछायत किंवा पायपुसणं. इथे फेकणारा कुणी नाही, फेकलेली वस्तू आहे, पण धातू तोच.

मग फलंदाज? सरळ आहे. गोलंदाजाच्या समोर उभा राहणारा कुणीतरी हवा होता, म्हणून गोलंदाजाच्याच साच्यात ओतून काढला. फळी अधिक अंदाज. शब्दशः अर्थ: फळी फेकणारा. हिंदीवाल्यांनी 'बाज' घेतला, बल्लेबाज, गेंदबाज. बाज म्हणजे खेळणारा, त्यामुळे त्यांचं दोन्हीकडे जमलं. आपलं गोलंदाजापाशी अचूक बसलं आणि फलंदाजापाशी हुकलं, कारण बॅट काही कुणी फेकत नाही.

म्हणजे फेकत नाहीत असं आजवर वाटत होतं. मग ऋषभ पंत आला. २०२५ च्या जुलैत एजबॅस्टनला दुसऱ्या डावात त्याने असा काही फटका ओढला की चेंडू राहिला बाजूला आणि बॅट हातातून सुटून भिरभिरत स्क्वेअर लेगकडे गेली. त्या डावात ६५ केल्या. जगात व्युत्पत्तीला धरून फलंदाजी करणारा माणूस हा एकच.

एका निवृत्त प्राध्यापकांनी मध्यंतरी लिहिलं होतं की फलंदाज म्हणजे 'फल' म्हणजे निकाल, त्याचा 'अंदाज' घेणारा. खेळाडू नाही, ज्योतिषी! मग गोलंदाज म्हणजे काय, किती गोल झाले ते मोजणारा? सर, संस्कृतचा दिवा घेऊन फारसीच्या घरात शिरलं की असंच फर्निचरला अडखळायला होतं. दुसरे एक शुद्धिवादी दर विश्वचषकाला 'चेंडूफेक्या' आणि 'दांडूधारी' घेऊन येतात. त्यांना माझं एकच सांगणं: एकदा माइकसमोर बसा आणि वीस षटकं हे शब्द म्हणून दाखवा. बाळ ज. पंडितांचं समालोचन ट्रान्झिस्टरला कान लावून ऐकलेल्या आमच्यासारख्यांना फारसी अंगाचे हे शब्द कधी परके वाटले नाहीत.

'पण फळीत ळ आहे, फलंदाजात ल कसा?' असा एक आक्षेप नेहमी येतो, आणि माझा पुरावा नेमका तिथेच आहे. गोळ्यातही ळ आहे, तरी आपण 'गोळंदाज' म्हणत नाही. तो शब्द उत्तरेकडून ल घेऊनच आला. फलंदाज घडवणाऱ्याने त्याची हुबेहूब नक्कल केली, अगदी ल सकट. शिवाय संस्कृत 'फलक' पाठीशी होताच. ज्या धावफलकावर त्याच्या धावा लागतात त्या फळ्याचा आणि फलंदाजाच्या फळीचा असा भाऊबंदकीचा संबंध आहे. 'मधली फळी कोसळली' मधली फळी मात्र वेगळी, ती रांगेतली, लढाईतली. तिला यात ओढू नका.

आता माझा लाडका सिद्धांत. घरात हा ऐकवला की सगळ्यांना कामं आठवतात, म्हणून इथे सांगतो.

फारसीत या 'अंदाज'च्या शेजारी 'अंदाज़ा' आहे, म्हणजे माप. आपला अंदाज आणि अंदाजपत्रक तिकडचं. अरबांनी हाच अंदाज़ा उचलून त्याचा 'हंदसा' केला, म्हणजे भूमिती, आणि हंदसा जाणणारा तो 'मुहंदिस'. आजही अरबीत मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. माझं ठाम मत आहे की फेकणं आणि मापणं ही मुळात एकच क्रिया. दगड भिरकावला, कुठे पडला ते पाहिलं, अंतर कळलं. मराठीही हेच सांगते. 'तोफेच्या टप्प्यात' मधला टप्पा अंतराचा, आणि समालोचक 'अचूक दिशा आणि टप्पा' म्हणतात तो टप्पा चेंडूचा.

थोडक्यात, गोलंदाज आणि इंजिनिअर सख्खे चुलत भाऊ. खोटं वाटत असेल तर भारताचे गोलंदाज मोजा. एरापल्ली प्रसन्ना १९६२ नंतर कसोटीत दिसला तो थेट १९६७ मध्ये, मधली वर्षं इंजिनिअरिंगची पदवी घेण्यात गेली. वेंकटराघवन इंजिनिअर. श्रीनाथ इंजिनिअर. ६१९ बळी घेणारा कुंबळे मेकॅनिकल इंजिनिअर. ५३७ वाला अश्विन माहिती तंत्रज्ञानातला इंजिनिअर. एवढे योगायोग एका देशात होत नसतात.

यावर आमच्या कट्ट्यावरचे एक मित्र विजयी मुद्रेने म्हणाले, "आणि श्रीकांत? तोही इंजिनिअर, पण सलामीचा फलंदाज!" त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. श्रीकांत बॅट फेकल्यासारखीच चालवायचा, म्हणजे अंदाजाचा पहिला अर्थ त्याच्यात पुरेपूर होता. आणि १९८८ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय मालिकेत याच श्रीकांतने दोन सामन्यांत पाच-पाच बळी घेतले होते. रक्त बोलतं ते असं. मित्राने चहा मागवला आणि विषय बदलला. बेदी, चंद्रशेखर, बुमरा इंजिनिअर नाहीत हे त्याला सुचलं नाही, मीही सुचवलं नाही. फारूख इंजिनिअर यष्टिरक्षक होता हेही मान्य, पण ते नुसतं आडनाव.

(यष्टिरक्षकातला 'ष्टि' ऱ्हस्व. एकटी असताना यष्टी, समासात पुढे आली की यष्टि. कवी आणि कविराज, तसंच. 'यष्टीरक्षक' छापणाऱ्यांवर स्वतंत्र लिहायचं आहे, आज रक्तदाब बरा आहे.)

तर ताई, 'सामनावीर' राहिला. त्या रात्री शफालीने ८७ केल्यावर गोलंदाजीत दोन बळीही घेतले आणि अंतिम सामन्याची सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या फलकावर खडूने लिहिलेलं होतं: 'सामनावीरांगना शफाली वर्मा हिचे अभिनंदन'. मी तिथला 'आंगना' बोटाने पुसला आणि 'सामनावीर' ठेवला. वीर इथे पदवी आहे, पुरुष नव्हे. संध्याकाळी पाहिलं तर कुणीतरी 'आंगना' परत लिहिला होता, या वेळी रंगीत खडूने. उद्या ओला फडका घेऊन जातो.