वय झालेल्या गायकांनी लाईव्ह कार्यक्रमात नुसते ओठ हलवणं ही फसवणूक नाही का? आणि ते ओळखायचं कसं?

फसवणूक आहे. पण ती गायकच करतो असं तुम्ही धरून चाललाय, तिथं माझं भांडण आहे. मी परभणीचा, बावीस वर्षं झाली साऊंडचं काम करतो, जयंत्या, गणपती, लग्नं, सगळं. ट्रॅकचं, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्याचं, बटण दाबणारा माणूस मीच असतो, म्हणून हा प्रश्न बघून गप्प बसवेना.

माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, भीमगीतं गातात. १९९१ ला औरंगाबादला जाऊन त्यांची एक कॅसेट निघाली. आमच्या भागात ती इतकी वाजली की टपरीवर, काळीपिवळीत, कुठंही बसा, अण्णाच. चाळिशीतला आवाज, पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी तीन. त्या कॅसेटनं अण्णांना नाव दिलं आणि पुढं त्यांची वाट पण तिनंच लावली, कारण नंतर लोक बोलवायचे अण्णांना आणि पाहिजे असायची कॅसेट.

२०१३ ची जयंती. दुष्काळाचं वर्ष, प्यायला टँकरचं पाणी, तरी पोरांनी वर्गणी गोळा करून गंगाखेडकडच्या एका गावात कार्यक्रम ठेवला. बिदागी बारा हजार. अण्णा बासष्ट वर्षांचे, लागोपाठ चौथी रात्र, त्यात एप्रिलची धूळ, घसा पार बसलेला. खालचा सूर लागत होता, वरचा सा आला की फाटायचा. अण्णा स्वतः म्हणले, पट्टी उतरवू, पांढरी दोनवर घेऊ. चार पट्ट्या खाली, बास. आमचा थोरला भाऊ पेटीवर. तो म्हणे, अण्णाचं गाणं काळी तीनचं, खाली घेतलं की जोश जातो, शिवाय ढोलकी चढवून ठेवलेली, ती उतरवली की थापेला मजा राहत नाही. अर्धा तास हेच. मंडळाचा पोरगा येऊन बोलला, "मामा, कॅसेटच लावा ना, अण्णांनी नुसतं उभं राहायचं." अण्णा त्याच्याकडं बघून काही बोलले नाहीत.

शेवटी तोड मी काढली, आणि तीच चूक. कॅसेट माझ्या लॅपटॉपमध्ये होती. अण्णांना म्हणलं, मागं आधाराला लावतो, तुम्ही वरून गा. ते म्हणले, "लाव, पण माझा आवाज वर ठेव." हो म्हणलं. पहिल्या कडव्याला वरचा सा फाटला आणि माझा हात आपोआप अण्णांच्या माईकच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर गेला आणि तो मी खाली ओढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गायकाच्या पायाशी स्वतःचं गाणं ऐकायला जो छोटा बॉक्स, मॉनिटर, असतो त्याचा आवाज वेगळ्या वाटेनं जातो, ती वाट प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच फुटणारी, ठेवली की मेन फेडर खाली ओढला तरी गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत राहतो. म्हणजे अण्णांना वाटतंय आपण गातोय, आणि गावाला ऐकू येतंय १९९१. पेटी, ढोलकी दोन्हीचे माईक बंद. थोरला नुसती बोटं फिरवत होता आणि खूश होता, काळी तीन ना!

आता आपल्याकडं कसंय, गाणं चालू असताना लोक बक्षीस घेऊन पुढं येतात आणि गायक कडवं तोडून त्यांचं नाव घेतो. एक म्हातारी आली, एकावन्न रुपये दिले. अण्णांनी सवयीनं गाणं थांबवलं, माईकवर तिचं नाव घेतलं, जयभीम म्हणले. ऐकू कोणालाच गेलं नाही, आणि बॉक्समधून अण्णा गातच होते. पोरं हसली. म्हातारी बिचारी हात जोडून तिथंच उभी, आपलं नाव कधी येतंय म्हणून. अण्णांनी एकदा बॉक्सकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

मी ट्रॅक बंद केला, फेडर वर केला. अण्णांनी म्हातारीचं नाव परत घेतलं, पेटीला हातानं थांब केलं आणि नुसत्या डफावर, खालच्या सुरात, दोन गाणी म्हणली. लई भारी झालं असं सांगायला मला आवडलं असतं. निम्मे लोक उठून गेले, मंडळानं दोन हजार कापले. अण्णा चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. थोरला आजपर्यंत दिवाळीला सगळ्यांसमोर काढतो, की ह्यानं अण्णांचा आवाज चोरला. चोरला, मान्य. पण त्या रात्री चार पट्ट्या खाली यायला कोण तयार नव्हतं?

वय झालं की आवाज जात नाही हो, वरचा भाग जातो. गळ्यातले स्वरपडदे पातळ होतात, कुर्च्या कडक होतात, दम कमी पडतो. सगळ्यांचंच होतं. त्यावर साधा उपाय म्हणजे पट्टी उतरवणं, कॅसिओवर तर ट्रान्सपोजचं बटण चार वेळा दाबलं की काम झालं. पेटीवाल्यांना बोटं बदलावी लागतात म्हणून ते "मूळ सूर, मूळ सूर" करत बसतात. स्केल चेंजरची पेटी मिळते, बोटं तीच ठेवून पट्टी बदलते, घ्या ना. आशाताईंनी २०२३ मध्ये नव्वदाव्या वाढदिवसाला दुबईत उभं राहून कार्यक्रम केला, तिथं कोणी तिशीतल्या आवाजाचा हट्ट धरला का? आमचे लोकशाहीर विठ्ठल उमप २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच, स्टेजवर वारले, एकोणऐंशी वर्षांचे होते. त्यांना कोणी सांगायचं होतं का की नुसते उभे राहा?

अर्थात प्रत्येक ट्रॅक म्हणजे चोरी असं पण नाही. कोरस, बासरी, व्हायोलिन मी पण ट्रॅकवर वाजवतो, बारा हजारात व्हायोलिनवाले कुठून आणू? आणि माणूस खरंच आजारी असेल तर वेगळं. पावारोत्ती, इटलीचे एवढे मोठे गायक, २००६ च्या फेब्रुवारीत तुरीनच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनात ते आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावरच उभे होते, ऑर्केस्ट्रा पण नुसता वाजवल्यासारखं करत होता. सत्तर वर्षांचे, उघड्यावरची थंडी, तब्येत ढासळलेली, पुढच्या वर्षी वारले. त्यांच्या संगीत संचालकानं नंतर पुस्तकात ते सांगून टाकलं. मला त्यांचा राग येत नाही. त्यांना निदान माहीत होतं काय चाललंय ते, अण्णांना माहीत नव्हतं.

अण्णा आता पांढरी एकवर गातात, बोलावणी कमी असतात. थोरला आता पेटीवर नसतो, दुसरा पोरगा आहे.

ओळखायचं कसं ते राहिलंच. माईक तोंडापासून लांब गेला तरी आवाज तेवढाच येतोय का बघा, श्वास ऐकू येतो का बघा. पण ह्यातलं एवढं कळत नसलं तर गाणं रंगात आल्यावर दहाची नोट घेऊन पुढं जा आणि तुमचं नाव सांगा.