मणके स्क्रूने जोडायलाच हवेत का?

प्रश्न : माझ्या आईच्या (वय ६८) कमरेतील मणक्यांची नलिका अरुंद झाली आहे. दादर स्थानकापासून मंडईपर्यंत चालताना पाय भरून येतात, वाकून बसल्यावर बरे वाटते. शस्त्रक्रियेत मणके स्क्रूने जोडणे आवश्यक आहे का?

उत्तर : पुढे वाकल्यावर नलिकेतील जागा किंचित वाढते, म्हणून आईंना आराम पडतो. स्वीडनमधील २४७ रुग्णांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसता नसांवरील दाब मोकळा करणे आणि सोबत मणकेही जोडणे, यांत दोन वर्षांनंतर दैनंदिन हालचाली व चालण्याच्या अंतरात लक्षणीय फरक आढळला नाही. जोडणीत रक्तस्राव व खर्च मात्र वाढला. त्यामुळे मणका अस्थिर नसेल, तर स्क्रू कशासाठी, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारा. लघवीवरील ताबा सुटला किंवा पायांतील शक्ती गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.