लाँगबो म्हणजे 'लांब धनुष्य' का?

प्रश्न असा आलाय की आर्चरीच्या नियमांचं मराठी करताना 'ट्रॅडिशनल लाँगबो'ला 'पारंपरिक लांब धनुष्य' म्हटलं तर चालेल का. मला विचाराल तर नको. शब्दाला शब्द बसतोय पण नियमाला जे म्हणायचंय ते त्यात येतच नाही, उलट वाचणारा टेप घेऊन लांबी मोजत बसेल.

आता लांबीचंच बघा. वर्ल्ड आर्चरी ह्या आंतरराष्ट्रीय तिरंदाजी संघटनेच्या नियमात लाँगबो बायकांसाठी आणि ज्युनियरसाठी कमीत कमी 150 सेंमी आणि पुरुषांसाठी 160 सेंमी लागतो, तोही दोरी चढवून बाहेरच्या अंगाने मोजलेला. आणि ऑलिम्पिकमध्ये दिसतो तो रिकर्व्ह बो, त्यातला 68 इंची म्हणजे साधारण 173 सेंमी! तो ह्यापेक्षा लांब, तरी त्याला कोणी लाँगबो म्हणत नाही. जपानी युमी हा बो तर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो, त्याचं नावही वेगळंच.

मग 'लाँग' आलं कुठून? क्रॉसबो, म्हणजे आडवं धरून घोडा दाबून सोडायचं धनुष्य, शेजारी होता म्हणून. 1448 साली इंग्लंडात नॉरफकमधल्या मार्गारेट पॅस्टन नावाच्या बाईंनी नवऱ्याला पत्र लिहिलंय की क्रॉसबो पाठवा, कारण आपली घरं इतकी ठेंगणी आहेत की आतून लाँगबो मारता येत नाही. हा शब्दाच्या अगदी सुरुवातीच्या वापरांपैकी एक आणि मला फार आवडतो, कारण शब्द का लागला ते त्या एका वाक्यातच कळतं. आपल्याकडे मोबाइल आल्यावर घरातला साधा फोन 'लँडलाइन' झाला ना, तसंच हे. आधी नुसता बो होता, दुसरा प्रकार आला तेव्हा पहिल्याला वेगळं नाव द्यावं लागलं.

खरी गंमत पुढे आहे, कारण आज वेगवेगळ्या संस्था लाँगबो वेगवेगळ्या खुणेवरून ओळखतात. ब्रिटनमध्ये आर्चरी जीबी ह्या तिथल्या तिरंदाजी संघटनेचा नियम बघतो तो आडवा छेद. धनुष्याची जाडी कुठेही त्याच जागच्या रुंदीच्या पाच अष्टमांशापेक्षा कमी नको. म्हणजे मधे 32 मिमी रुंद असेल तर तिथे जाडी निदान 20 मिमी हवी. पोट म्हणजे नेमबाजाकडची बाजू फुगीर, लाकूड एकसंध किंवा थर चिकटवलेलं, दोन्ही टोकांना दोरी अडकवायच्या खाचा. लांबीची अटही आहे पण ती बाणावर ठरते, बाण 27 इंचांपेक्षा छोटा तर बो 5 फूट, नाहीतर साडेपाच. बाण टेकवायला वेगळा रेस्ट लावायचा नाही.

वर्ल्ड आर्चरीला ह्यातलं फारसं काही नकोय. त्यांची ओळख एकच, दोरी चढवल्यावर ती टोकाच्या खाचा सोडून धनुष्याला दुसरीकडे कुठेही टेकता कामा नये. रिकर्व्हची टोकं पुढे वळलेली असतात, त्यामुळे दोरी काही अंतर धनुष्याच्या भुजेवर टेकून जाते, तो ह्या एका वाक्याने बाद. बो कशाचाही चालतो, फायबरग्लाससुद्धा, बाण मात्र लाकडाचे आणि खऱ्या पिसांचे. आयएफएए ही फील्ड आर्चरीची संघटना वळण बघते, दोरी चढवलेला बो एकाच दिशेने सलग वाकलेला दिसला पाहिजे.

म्हणून 'ट्रॅडिशनल' हा शब्द पण जपून वापरायचा. वर्ल्ड आर्चरीच्या वाक्यात तो आकाराला लागलाय, लाकडाला नाही, की हा बो लाँगबोच्या पारंपरिक रूपाशी जुळतो. 'पारंपरिक धनुष्य' लिहिलंत तर आपल्या माणसाच्या डोळ्यासमोर बांबूचा कमठा येतो, किंवा इंडियन राउंड ह्या आपल्या देशी स्पर्धाप्रकारात पोरं वापरतात ते बांबूचं धनुष्य. 'पारंपरिक घडणीचा लाँगबो' लिहा, 'लाँगबो' तसाच ठेवा. रिकर्व्ह, कंपाउंड हे शब्द सातारा-नागपूरच्या रेंजवर रोज तोंडात असतात, तिथे लाँगबोने कोणी अडणार नाही.

अजून एक फसवा शब्द आहे, 'बॅक'. आपण म्हणतो मागची बाजू म्हणजे आपल्याकडची. धनुष्यात उलटं असतं, बॅक म्हणजे टार्गेटकडची बाजू आणि बेली म्हणजे नेमबाजाकडची. इथे 'मागची-पुढची' लिहिलंत तर जाडीचा नियम वाचणाऱ्याचा हमखास घोटाळा होणार. सरळ 'पाठ' आणि 'पोट' लिहा. धनुष्य हातात धरून दोरी ओढली की ते आपल्यापासून दूर पाठ करून वाकतं, पाठीवर ताण येतो, पोट दाबलं जातं. जुने इंग्लिश कारागीर यू झाडाचा ओंडका ह्याच हिशोबाने चिरायचे, बाहेरचं फिकट लाकूड पाठीला कारण ते ताण सोसतं, आतलं गडद पोटाला कारण ते दाब सोसतं.

आणि 'नॉक'ला 'खाच' चालेल, पण बाणाच्या मागच्या टोकालाही नॉकच म्हणतात, म्हणून दर वेळी 'धनुष्याची खाच' का 'बाणाची खाच' ते पूर्ण लिहा.