बिल नाही, पण पिल्लाचं लसीकरण कार्ड आहे

प्रश्न : पेट शॉपमधून १८ हजारांना लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलं. पैसे यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी रक्ताचे जुलाब सुरू झाले, पाचव्या दिवशी पार्व्हो या विषाणूच्या आजाराने ते गेलं. कार्डावरच्या जन्मतारखेनुसार विकताना ते ४१ दिवसांचं होतं. दुकानदार म्हणतो, विकलेला माल परत घेत नाही.

उत्तर : ताई, पाच दिवसांत जीव लावून बसला होतात, हे तुमच्या पत्रात दिसतं. बिल नाही म्हणून खचू नका. २०१८च्या पेट शॉप नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं, म्हणजे ५६ दिवसांखालचं पिल्लू विकताच येत नाही. दुकानदाराने स्वतःच्या हाताने कार्डावर तारीख लिहून ते कबूल केलं आहे! शिवाय पार्व्होची लक्षणं दिसायला संसर्गानंतर साधारण तीन ते सात दिवस लागतात. तुमच्याकडे ते तिसऱ्याच दिवशी आजारी पडलं, म्हणजे लागण बहुधा दुकानातलीच. डॉक्टरांकडून केसपेपर, चाचणीचा अहवाल आणि मृत्यूच्या कारणाचं लेखी पत्र आजच घ्या.

‘माल’ हा शब्द मलाही बोचतो. पण ग्राहक कायदा पिल्लाला वस्तू समजतो आणि तेच इथे तुमच्या कामी येतं. २०१९च्या कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. आधी नोटीस पाठवा : किंमत, उपचाराचा खर्च, मनस्तापाची भरपाई. दाद दिली नाही तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करा. मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंत फी नाही. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. ते आयोगापुढे ठेवताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा.

पोलिसांत जाण्याचा आग्रह मी धरणार नाही. १९६०च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा १० ते ५० रुपये आहे, लाज वाटावी असा. त्यापेक्षा राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. दुकानाची नोंदणी आहे का आणि पिल्लू कोणत्या ब्रीडरकडून आलं, हे माहिती अधिकारात विचारा. दुकान नोंदणीकृत नसेल तर ते चालवणंच बेकायदा आहे. असेल तर पिल्लं कुठून आणली याची नोंद ठेवणं त्याला बंधनकारक आहे. त्या नोंदीपलीकडे एखादी कुत्री दर हंगामाला विते आहे का, हे तिथेच कळेल. २०१७च्या श्वान प्रजनन नियमांत कुत्रीला आयुष्यात पाचच वेतांची मर्यादा आहे.

मूळ कार्ड मात्र दुकानदाराच्या हाती देऊ नका. ‘तपासून देतो’ म्हणाला तरी झेरॉक्सच दाखवा.