वडिलांचं डायलिसिस सुरू झालंय, घरी काळजी कशी घ्यावी?

तुमचे वडील ७२ वर्षांचे, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, घरी तुम्ही एकटेच. हे सगळं कसं निभवायचं, असं तुम्ही विचारलंय. आमच्या आप्पांचं हे पाचवं वर्ष. त्यावरून एकच सांगेन, त्यांना जमेल तेवढं त्यांच्याच हाती द्या.

मी आधी उलटं केलं. हातातला पेला काढून घ्यायचो, ताटावर पहारा द्यायचो. आप्पा मग चोरून बेसिनच्या नळाला तोंड लावायला लागले. एका सोमवारी काट्यावर चार किलो जास्त! एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. तेवढं पाणी मशीनवर काढताना बीपी पडलं, पायांत गोळे आले, आप्पा कळवळले. टेक्निशियन ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, हिशोब काकांनाच ठेवू द्या."

तेव्हापासून ते रोज सकाळी स्वतः वजन करून कालनिर्णयवर लिहितात. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं पाणी एका बाटलीत भरतात. चहा घेतला, आमटी घेतली की तेवढं पाणी बाटलीतून तुळशीला. आता मी काही बोलत नाही, तुळस मात्र जोरात आहे.

तहानेचं मूळ मिठात असतं. लोणचं-पापड सुटल्यावर आप्पांची निम्मी कुरकुर थांबली. पण 'कमी सोडियम'वालं मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. आमच्या आत्याने मोठ्या प्रेमाने पुडा आणला होता, तसाच परत दिला. शहाळंही याच कारणाने नको. भेटायला येणारा प्रत्येक जण नेमकं तेच घेऊन येतो, काय करणार! बटाटा वगैरे चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून मगच फोडणीला टाकतो.

हातावर फिश्चुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी, असेल तर रोज उठल्यावर त्यावर बोटं ठेवायला शिकवा. मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, घट्ट घड्याळ नाही, जड पिशवी नाही. गेल्या पावसाळ्यात आप्पांनी पहाटे मला उठवलं, "अरे, आज हे गप्प आहे." त्याच दिवशी नेलं, गुठळी काढली, फिश्चुला वाचला. मला ते कळलं असतं का? शक्यच नाही, मी झोपलो होतो.

बीपीची गोळी डायलिसिसच्या दिवशी आधी घ्यायची की नंतर, हे डॉक्टरांना नक्की विचारा. घरी आल्यावर सुईच्या जागेतून रक्त आलं तर बोटाने दाबून धरा, दहा-पंधरा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. थांबलं नाही तर सरळ दवाखाना. अजून डायलिसिससाठी मानेत घातलेली नळीच असेल आणि थंडी वाजून ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका.

महाराष्ट्रात असाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा.