एप्रिलमध्ये पहिल्यांदाच महालक्ष्मीला घोड्यांच्या रेसला जात आहोत. फेव्हरिटवर पैसे लावणे सुरक्षित असते का?

एप्रिलमधल्या एका रविवारी मित्रांबरोबर पाच हजार रुपये घेऊन महालक्ष्मी रेसकोर्सवर जायचे आणि प्रत्येक रेसमध्ये फेव्हरिटवर, म्हणजे ज्याच्यावर सर्वाधिक पैसे लागलेले असतात त्या घोड्यावर, विन (तो पहिला येईल अशी पैज) लावायचा, असा बेत आपण कळवला आहे. बरीच वर्षे तिथे जाणारा माणूस म्हणून सांगतो की, या पद्धतीने आपण दिवसभरात बऱ्याचदा जिंकाल आणि तरीही तोट्यातच घरी याल.

टोटच्या, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एकत्र जमा होतात त्या क्लबच्या यंत्रणेच्या, खिडकीवर आपण वास्तविक इतर पंटरांविरुद्ध (पैज लावणाऱ्यांविरुद्ध) पैसे लावत असतो. एका रेसच्या विनवर जमलेल्या एकूण रकमेतून ठरलेली वजावट होते आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या घोड्याची तिकिटे ज्यांच्याकडे असतील त्यांच्यात वाटली जाते. हिशेबापुरते समजा की एक लाख रुपये जमले, वजावटीनंतर ऐंशी हजार उरले आणि फेव्हरिटवर चाळीस हजार लागलेले आहेत. तो जिंकला तर शंभराच्या तिकिटामागे दोनशे रुपये हाती येतील. मात्र सप्टेंबर २०२५ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे त्या तिकिटासाठी आपल्या खिशातून एकशेचाळीस गेलेले असतात. अशा भावाने, म्हणजे लावलेल्या पैशांमागे एवढाच परतावा मिळत असताना, केवळ बरोबरीत राहायचे म्हटले तरी तो घोडा दहापैकी सात वेळा जिंकायला हवा, आणि जमलेल्या पंटरांचे एकत्रित मत (एक लाखातले चाळीस हजार) मात्र त्याला दहापैकी चारच संधी देत असते. बुकीच्या, म्हणजे स्वतः भाव देऊन पैजा घेणाऱ्याच्या, रिंगमध्ये भाव पाटीवर आधीच दिसतो, पण कर तिथेही सुटत नाही.

म्हणून कोणता घोडा चांगला, यापेक्षा कोणत्या घोड्याला त्याच्या योग्यतेहून जास्त भाव मिळतो आहे, हे शोधावे लागते. हॅंडिकॅप रेसमध्ये हे आणखी अवघड होते, कारण ज्याचे रेटिंग (क्षमतेनुसार दिलेले गुण) जास्त त्याच्या पाठीवर वजनही जास्त दिलेले असते आणि सगळे घोडे शक्यतो एका रेषेत यावेत हाच त्यामागचा हेतू असतो. रेसबुकात (त्या दिवसाच्या रेसच्या माहितीपुस्तिकेत) मागचे निकाल पाहताना घोडा कितवा आला एवढेच न पाहता किती मीटरच्या रेसमध्ये, किती वजन घेऊन आणि कोणत्या वर्गात धावला, हे पाहावे. बाराशे मीटरला शेवटी जोर लावून चौथा आलेला घोडा सोळाशेला उतरला असेल, तर मी त्याच्याकडे जरूर लक्ष देतो. रेसआधी पॅडॉकमध्ये, म्हणजे घोडे दाखवायच्या आवारात, ते फिरवतात तेव्हा घामाने डबडबलेला, बिथरलेला घोडा टाळावा असे जुने लोक सांगतात. एप्रिलच्या उन्हात मात्र सगळेच घामेजलेले असतात, तेव्हा घामापेक्षा त्याची चाल शांत आहे का, ते बघा.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रेस हा कौशल्याचा खेळ ठरवला, याचा दाखला हरलेले पंटर फार अभिमानाने देतात. ते कौशल्य मुख्यतः न लावण्यात आहे, असे मला वाटते. दिवसभरातल्या तीन-चार रेस निवडा, प्रत्येकीत करासह हजाराच्या आत राहा आणि बाकीच्या रेस नुसत्या पाहा. शेवटच्या पाच रेसचे विजेते ओळखायचा जॅकपॉट लावायचाच असेल, तर एखादे तिकीट करमणूक म्हणून काढा. बाहेरच्या विनापरवाना बुकीकडे करापासून सुटका मिळत असली, तरी तो व्यवहार बेकायदेशीर आहे आणि त्याने पैसे बुडवले तर दाद मागता येत नाही.

दहा हजारांवरील जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कापला जातो, आणि हरलेल्या पैजांचे पैसे त्या उत्पन्नातून वजा करता येत नाहीत. मोठे डिव्हिडंड (जिंकलेल्या तिकिटामागे मिळणारी रक्कम) लागले तर पावती जपून ठेवा. घोडा दुसरा आला म्हणून तिकीट लगेच फाडूनही टाकू नका, कारण पहिल्याविरुद्ध ऑब्जेक्शन (निकालावरची हरकत) आले आणि ते मान्य झाले, तर क्रम बदलतो. निकाल अधिकृत झाल्याचे जाहीर होईपर्यंत ते तिकीट खिशातच असू द्या.