वाचक विचारतात: करांदा, कळलावी आणि ऐनाचं पाणी

प्रश्न: माझा चौदा वर्षांचा मुलगा ट्रेकवेडा आहे. कोलंबियाच्या जंगलात ती चार भावंडं चाळीस दिवस जगली हे ऐकल्यापासून त्याला जंगलात राहायला शिकायचंय. कर्जतजवळ दोन दिवसांचं वर्कशॉप आहे, आदिवासी लोक शिकवणार म्हणे. पाठवू का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, पाठवा की, मजा येईल त्याला, पण दोन दिवसांत तो जगायला शिकून येईल असं काही धरून चालू नका. त्या कोलंबियाच्या मुलांचंच बघा, 1 मे 2023 ला विमान पडलं आणि 9 जूनला ती सापडली, थोरली 13 वर्षांची आणि धाकटं तर पडलं तेव्हा 11 महिन्यांचं! विमानातलं कसाव्याचं पीठ पुरवून खाल्लं, मग रानातली फळं नि बिया. ही तिथल्या हुइतोतो आदिवासी समाजाची मुलं, कुठलं फळ खायचं हे घरच्यांबरोबर रानात फिरताना लहानपणापासून बघत आलेली, कोर्स कुणी केला नव्हता.

आपल्याकडचं सांगते. कडू करांदा पावसाळ्यानंतर वेलीला लटकलेला दिसतो, बटाट्यासारखा, पण तसाच खाल्लात तर तोंड कडूजहर आणि पोटाचे हाल. ठाकर-कातकरी बायका तो कापून राख घालून उकडतात, मग टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे खाण्याजोगा होतो. शेवळं ही रानभाजी पण तशीच, पहिल्या पावसात येते, आणि सोबत काकडं (काकड झाडाची आंबट फळं) घातली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका (मी एकदा काकडांशिवाय केली होती, तो विषय नको). म्हणजे झाड नुसतं ओळखून भागत नाही, पुढचं सगळं स्वयंपाकघरातलं काम आहे आणि ते येतं बायकांना, वर्कशॉपात मात्र बहुतेक वेळा चकमक घासून जाळ काढणारा बुवाच पुढे असतो.

आणि कळलावी! पावसाळ्यात लाल-पिवळं फूल आलं की लहान पोरगंही ओळखेल, पण पाऊस सरला की वेल वाळून जाते आणि जमिनीत राहतो तो कंद, दिसायला खायच्या कंदासारखा, जीव घेण्याइतका विषारी. कंद खणायचे दिवस नेमके तेच, म्हणून खणणाऱ्याला ती जागा आषाढ-श्रावणापासून लक्षात ठेवावी लागते. हे दोन दिवसांत कसं बसणार? त्यापेक्षा एकच पाडा धरा, वर्षातून चार वेळा जा, वेगवेगळ्या ऋतूत. आणि ज्या मावशी रान दाखवतील त्यांना शहरातल्या गाईडइतके पैसे द्या, चहा-बिस्किटावर कटवू नका.

प्रश्न: झाडाला कोयता मारला आणि नळासारखं पाणी आलं, असा व्हिडिओ बघितला. खरा आहे का? आपल्याकडे आहे का ते झाड?
– एक ट्रेकर, नाशिक

उत्तर: खरा आहे. मार्च 2024 मधला, आंध्रातल्या पापिकोंडा नॅशनल पार्कमधला. तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींना हे आधीपासून माहीत होतं, त्यांनी सांगितल्यावर वनखात्याच्या लोकांनी कापून बघितलं. झाड म्हणजे आपला ऐन, साल मगरीच्या पाठीसारखी, सह्याद्रीत भरपूर, विदर्भात याच्याच पाल्यावर टसर रेशमाचे किडे पोसतात. पण प्रत्येक ऐनात पाणी नसतं हो, आणि तुम्ही वीस झाडं फोडून बघणार असाल तर अभयारण्यात तो सरळ गुन्हा आहे. उन्हाळ्यात पाणी हवंच असेल तर कोरड्या ओढ्याच्या वळणावर, उंबर असेल तिथे, वाळूत हातभर खड्डा करून थांबा. बऱ्याचदा झिरपून येतं. फडक्यातून गाळा, उकळा, मग प्या.

प्रश्न: साप किंवा विंचू चावला तर जंगलातली मुळी चालते का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: नाही. इथे मी जुन्या ज्ञानाच्या बाजूने अजिबात नाही. साप टाळायला त्यांच्याकडून जरूर शिका, दगड उचलताना बोटं खाली न घालणं, अंधारात काठी आपटत चालणं वगैरे, पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं यातलं काहीही चावलं तर इलाज एकच, प्रतिविष, आणि ते दवाखान्यात मिळतं. विंचवाचं म्हणाल तर कोकणात लाल विंचवाने किती माणसं जायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन वापरायला सुरुवात केल्यावर मृत्यू खूप घटले. तेव्हा चावलेला हात-पाय हलवू नका, कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, आणि ट्रेकला निघायच्या आधीच जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष आहे ते फोन करून विचारून ठेवा.